‘अंधारातील अभिक्रिया’ : एका नावाची चूक

विद्यार्थिदशेत मी प्रकाशसंश्लेषणाचे दोन भाग पाठ केले : प्रकाशातील अभिक्रिया आणि अंधारातील अभिक्रिया. पुढे शिक्षक झाल्यावर मीही तेच शिकवले. झाड रात्री साखर घडवते, असा समज त्या नावामुळे कित्येकांचा झाला असेल.

कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनण्याचा हा मार्ग कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी बर्कले येथे किरणोत्सारी कार्बन वापरून उलगडला. १९६१चे नोबेल कॅल्विन यांना मिळाले. त्यात उजेडाचा थेट वापर नाही, म्हणून ‘अंधारातील’ हे नाव टिकले.

त्याच बर्कलेत १९६७ साली बुकॅनन, काल्बेरेर आणि आर्नन यांना दिसले, की या मार्गातले एक विकर क्षपित फेरेडॉक्सिनमुळे क्रियाशील होते. १९७७पर्यंत मधला दुवाही कळला : थायोरेडॉक्सिन. उजेडात पाण्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनमार्गे त्याच्याकडे येतात. ते विकरातील दोन गंधक-अणूंमधला बंध तोडते आणि विकर कामाला लागते. अंधारात बंध पुन्हा जुळतो, काम थांबते. रात्री झाड साठवलेला स्टार्च मोडून जगते. त्याच वेळी साखर घडवत बसले, तर ऊर्जा वायाच जाईल.

पण बंध पुन्हा जोडते कोण? स्पेन, जर्मनी आणि जपानमधील संशोधकांनी पेरॉक्सिरेडॉक्सिनकडे बोट दाखवले ते २०१८ साली. तेथून इलेक्ट्रॉन शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडकडे जातात.

‘अंधारातील’ म्हटलेली अभिक्रिया अंधारात बंद असते, हे माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगायचे राहून गेले होते.