दंड, ठिगळ आणि भाजीचा वाफा

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह आणि राज्यारोहणें उभीं राहतात. सुईदोऱ्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं आणि परसांतल्या अळवाची बखर कोणी ठेवीत नाहीं. वास्तविक फाटलेलें सांधण्याचें आणि उकिरड्याच्या खतावर भाजी पिकविण्याचें काम घराघरांतून जितकीं शतकें चाललें आहे, तितकीं शतकें कोणतेंहि राज्य टिकलेलें नाहीं. परंतु हें काम इतकें रोजचें, आणि बहुतेक घरांतल्या बायकांचें, कीं त्याला इतिहासाच्या पुस्तकांत शिरावयास वाट मिळत नाहीं. ती वाट एकदां मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडमध्यें सुई आणि कुदळ हीं दोन घरगुती हत्यारें एकदम राजकारणाचा विषय झालीं. मंत्री त्यांवर भाषणें करूं लागले आणि सरकारी छापखान्यांतून त्यांवर पुस्तिका निघूं लागल्या. त्या प्रसंगाची हकीकत आज सांगावयाची आहे. आणि ती सांगून झाल्यावर त्याच वर्षांत आपल्या देशांत काय घडलें, तेंहि सांगावयाचें आहे. कारण दुसरी हकीकत वगळली, तर पहिलीचा अर्थ अर्धाच समजेल.

१ जून १९४१ हा ख्रिस्ती सणाचा रविवार होता. दुकानें बंद होतीं आणि दुसऱ्या दिवशींहि सुटी होती. त्या सकाळीं व्यापारमंत्री ऑलिव्हर लिटलटन यांनीं रेडिओवरून जाहीर केलें कीं, आजपासून कापड व पादत्राणें हीं नियंत्रित वांटणीखालीं आलीं आहेत. आधीं बोभाटा झाला असता तर पैसेवाल्यांनीं दुकानें रिकामीं केलीं असतीं. म्हणून ही बातमी शेवटच्या घटकेपर्यंत गुप्त राखली होती. कापडाचीं कूपनें निराळीं छापलींच नव्हतीं; शिधापुस्तकांतील मार्गारिनच्या जादा कूपनांवर तूर्त काम भागवावें असें ठरलें. माणशीं वर्षाला ६६ कूपनें मिळाली. पुरुषानें कोट, जाकीट आणि विजार असा पुरा सूट घेतला कीं त्यांतलीं २६ संपत. लोकरी झग्याला ११, पुरुषी बुटांना ७, बायकांच्या पायमोज्यांना २, असा हिशेब असे. पुढें पुढें ही ६६ ची संख्या कमीच होत गेली. पैसे तर मोजावे लागतच. परंतु नुसत्या पैशांनीं कापड मिळेना. उमराव असो कीं गोदीवरचा हमाल असो, कूपनें दोघांना सारखींच.

असें करणें भाग कां पडलें? ब्रिटन हें बेट. युद्धापूर्वी तेथील अन्नाचा सुमारें दोन तृतीयांश भाग समुद्रावरून येई. कापूस तर सगळाच बाहेरचा. जर्मन पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्या, तेव्हां जहाजांतली वीतभर जागाहि मोलाची झाली. आणि ज्या गिरण्या झगे विणीत त्यांचे मजूर, यंत्रें व लोकर सैन्याला हवीं होतीं. तेव्हां सरकारनें लोकांना सांगितलें कीं नवें मागूं नका, जुनें टिकवा.

१९४३ मध्यें व्यापारखात्यानें एक पुस्तिका काढली. तिच्या नांवाचा भावार्थ ‘आहे त्यांत भागवा व दुरुस्त करा’ असा. तिला व्यापारमंत्री ह्यू डाल्टन यांची प्रस्तावना होती. गांवोगांव शिवणवर्ग निघाले. त्यांत शिकवलेल्या युक्ति आज ऐकल्या, तर आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका हंसतील. कारण त्यांतली एकहि त्यांना नवी नाहीं. पलंगावरची चादर नेहमीं मध्यें विरते आणि कडेला धड राहते. ती मधोमध उभी फाडावी, धड कडा एकमेकींना जोडून मध्यें आणाव्या आणि विरलेल्या बाजू कडेला नेऊन दुमडून शिवाव्या, म्हणजे चादर आणखी कांहीं वर्षें चालते. आपल्याकडे लुगडें मध्यें विरलें कीं तेवढा भाग काढून धड तुकडे जोडतात आणि त्याला आपण दंड घालणें म्हणतों. जोडण्याची रीत थोडी वेगळी. परंतु विचार तोच, कीं वस्त्र सर्व ठिकाणीं एकदम झिजत नाहीं, आणि जें झिजलेलें नाहीं तें टाकण्याचा आपल्याला अधिकार नाहीं.

सदऱ्याची गळपट्टी झिजली कीं ती उसवून, उलटी करून पुन्हां शिवीत. जुना लोकरी सदरा आंखडला, तर तो उसवून लोकरीच्या लडी करीत, त्या धुवून वजन बांधून टांगीत, म्हणजे धाग्याची वेटोळीं निघून जात. आणि त्याच लोकरीचें मुलासाठीं कांहींतरी नवें विणीत. वडिलांच्या विजारीची मुलाची चड्डी होई, कांबळ्याचा कोट होई. विमानहल्ल्यांच्या भीतीनें खिडक्यांना लावावयाचें जें काळें कापड मिळे, त्याचेंहि कपडे बेतले जात. युद्ध संपतां संपतां हवाई छत्र्यांचें रेशीम विक्रीस आलें, तेव्हां कित्येक नववधूंचे पोशाख त्याचे झाले. १९४२ मध्यें सरकारनें शिंप्यांवरहि निर्बंध घातले: विजारीच्या पायाला बाहेरची दुमड नको, खिसे मोजकेच हवे, चुण्या थोड्या हव्या. विजारीच्या त्या दुमडीसाठीं पुरुषमंडळींनीं इतकी कुरकुर केली कीं, १९४४ मध्यें हा निर्बंध काढावा लागला. मुलें तर वर्षभरांत कपड्यांना पुरून उरतात. म्हणून स्त्रियांच्या स्वयंसेवक संघानें मुलांच्या कपड्यांच्या अदलाबदलीचीं केंद्रें उघडलीं. लहान झालेला कोट द्यावा आणि मोठा घेऊन जावें.

आतां कुदळीची हकीकत. युद्ध सुरू होऊन महिना होतो न होतो तोंच, ऑक्टोबर १९३९ मध्यें, शेतकीमंत्र्यांनीं रेडिओवरून आवाहन केलें कीं, शहरांतील लोकांना भाजीसाठीं आणखी पांच लक्ष वाफे तयार व्हावयास हवेत. नगरपालिकेकडून थोड्या भाड्यानें जमिनीचा तुकडा घेऊन त्यावर भाजी करण्याची पद्धति तेथें पूर्वीपासून होती. १९३९ मध्यें असे तुकडे सुमारें ८ लक्ष १५ हजार होते. १९४३ पर्यंत ते १४ लक्षांवर गेले. लंडनच्या जुन्या किल्ल्याच्या खंदकांत भाजी लागली, हाइड पार्कसारख्या उद्यानांत वाफे पडले. परसांत जमिनींत अर्धवट पुरलेलीं पत्र्याचीं आसरागृहें असत. त्यांच्या पाठीवर माती टाकावीच लागे, त्या मातींतहि लोकांनीं भाजी लावली. जेथें बाँबनें घर पडलें, तेथला विटांचा राडा उपसून मुलांनीं व म्हाताऱ्यांनीं कोबीचीं रोपें लावलीं.

हे नवे माळी बहुतेक कारकून, दुकानदार आणि गृहिणी. कुदळ कशी धरावी येथपासून त्यांना शिकवावें लागे. हें काम रेडिओनें केलें. सी. एच्. मिडलटन नांवाचे गृहस्थ रविवारीं दुपारीं बागेवर बोलत. त्यांचे श्रोते लाखांनीं मोजले जात. सरकारी पत्रकांत जमिनीचा तुकडा ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद धरला होता आणि त्याचे तीन भाग पाडले होते. एकांत बटाटे व गाजरांसारखीं मुळें, दुसऱ्यांत वाटाणा, शेंगा आणि कांदे, तिसऱ्यांत कोबीच्या जातीच्या हिंवाळी पालेभाज्या. दरवर्षीं पिकें एकेक भाग पुढें सरकावयाचीं, म्हणजे एका पिकाची कीड जमिनींत घर करीत नाहीं आणि शेंगांच्या पिकानें जमिनीला जें दिलें तें पुढच्या पालेभाजीला मिळतें. खतासाठीं स्वयंपाकघरांतलीं सालें आणि बागेंतला पालापाचोळा यांचा ढीग रचावयाचा. जुन्या खिडकीची कांच लांकडी खोक्यावर ठेवली कीं थंडींत रोपांना ऊब मिळे. फुटकीं घमेलीं आणि डबे यांना तळाशीं भोंकें पाडून कुंड्या होत.

कांद्याची गोष्ट तर ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनला कांदा मुख्यतः फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणि खाडींतल्या बेटांवरून येई. १९४० च्या उन्हाळ्यांत तो प्रदेश जर्मनांच्या हातीं गेला आणि कांदा बाजारांतून दिसेनासा झाला. बक्षीस म्हणून सोडतींत कांदा ठेवण्यापर्यंत पाळी आली. मग मात्र ज्याच्याजवळ वीतभर जमीन होती त्यानें कांदा लावला. जी वस्तु रोज पायरीवर येऊन पडते, तिची किंमत ती येईनाशी झाल्यावर कळते.

येथवरची हकीकत ऐकून असें वाटेल कीं, सुई आणि कुदळ यांनींच इंग्लंडला तारलें. सरकारी भिंतीपत्रकें तसेंच सांगत. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें मात्र भिंतीपत्रकावर विसंबूं नये. अन्नाचा मोठा भार शेतकऱ्यांनीं उचलला. गवताचीं कुरणें नांगरून सुमारें साठ लक्ष एकर जमीन पिकाखालीं आणली गेली आणि तींत राबणाऱ्या स्त्रियांच्या दलाची संख्या ऐंशी हजारांच्या घरांत गेली. अमेरिकेहून येणारीं जहाजें थांबलीं असतीं, तर परसांतला कोबी पुरा पडला नसता. दुसरें असें कीं, कूपनें सारखीं होतीं, पण कपाटें सारखीं नव्हतीं. ज्याच्याजवळ आधींच दहा उत्तम कोट होते, त्याला ‘जुनें वापरा’ हा उपदेश जड गेला नाहीं; ज्याच्याजवळ एकच होता, त्यानें ठिगळाला ठिगळ लावलें. आणि तिसरें, दिवसभर कारखान्यांत काम करून रात्रीं मोजे रफू करणाऱ्या स्त्रीच्या त्या तासांची नोंद कोणत्याहि जमाखर्चांत झाली नाहीं.

तरीहि लोकांनीं हें सोसलें. कुरकुर केली, काळा बाजार झाला, परंतु व्यवस्था मोडली नाहीं. याचें कारण मला एकच दिसतें. काटकसर सांगण्यापूर्वी सरकारनें वांटणी केली होती. १९४७ च्या नोव्हेंबरांत राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला, तेव्हांहि कूपनें चालूंच होतीं. त्यांना कांहीं जादा कूपनें मिळालीं हें खरें. पण लोकांनीं प्रेमानें पाठविलेलीं कूपनें परत करावीं लागलीं, कारण आपलें कूपन दुसऱ्यास देणें हा गुन्हा होता. कापडावरील नियंत्रण मार्च १९४९ मध्यें उठलें. मांसावरील शेवटचें नियंत्रण उठावयास जुलै १९५४ उजाडला.

आतां त्याच १९४३ सालांत आपल्याकडे या. त्या वर्षीं मे महिन्यांत मुंबई शहरांत धान्याची नियंत्रित वांटणी सुरू झाली. जूनमध्यें कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम निघाला आणि कापडावर किंमत छापण्याची सक्ति झाली. ‘अधिक धान्य पिकवा’ ही चळवळहि चालूं होती. चाळीच्या गॅलरींतल्या डब्यांत मेथी पेरणें आणि मोरीच्या सांडपाण्यावर अळू व केळ वाढविणें यांसाठीं आपल्या बायकांना कोणा मंत्र्याच्या भाषणाची गरज नव्हतीच. गोधडींत तर तीन पिढ्यांचीं लुगडीं आणि धोतरें एकत्र नांदत. मुंबईला धान्य मिळालें, रांगा लागल्या, हाल झाले. पण शहर तगलें.

बंगालला मात्र त्याच वर्षीं तसें झालें नाहीं. ब्रह्मदेश १९४२ मध्यें जपान्यांनीं घेतला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेदिनीपूरला वादळानें झोडपलें. शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून सरकारनें खेड्यांतल्या नावा काढून घेतल्या. भाव चढत गेले आणि शेतमजूर, कोळी यांच्या हातांतल्या मजुरीनें तांदूळ विकत घेणें अशक्य झालें. कलकत्त्यांत पुरी शिधावांटप सुरू झाली ती १९४४ च्या जानेवारीअखेर. सरकारी चौकशी-मंडळानें १९४५ मध्यें मृतांचा आंकडा सुमारें पंधरा लक्ष ठरविला. पुढच्या अभ्यासकांनीं तो तीस लक्षांपर्यंत नेला आहे. अमर्त्य सेन यांनीं १९८१ मध्यें दाखवून दिलें कीं, देशांतलें धान्य संपल्यामुळें माणसें मेलीं असें नव्हे. धान्यावरचा त्यांचा हक्कच नाहींसा झाला होता. त्या खेड्यांतल्या बायकांना काटकसर येत नव्हती काय? इंग्लंडच्या कोणत्याहि शिवणवर्गाला त्यांनीं धडे दिले असते. त्यांची कांथा म्हणजे जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्यानें शिवून केलेली गोधडीच. परंतु आभाळच फाटलें, तर ठिगळ लावावें कोठें?

म्हणून या दोन हकीकती मीं एकत्र सांगितल्या. काटकसर हा सद्गुण आहे, यांत शंका नाहीं. पण ती समान वांटणीच्या पायावर उभी असली तरच समाजाला तारते. ज्याच्या वांट्याला कांहींच येत नाहीं, त्याला काटकसर शिकविणें ही क्रूर थट्टा होय.

याचा अर्थ सुई बाजूला ठेवावी असा मात्र नव्हे. आज घरांत एखादी विरलेली चादर असेल, तर ती टाकण्यापूर्वी उजेडासमोर धरून पाहावी. कडेचें कापड किती धड आहे तें दिसेल. मधोमध फाडावी, कडा जोडाव्या, दुमड घालावी. सरळ टांका येणाऱ्या कोणालाहि हें साधेल. तेलाच्या रिकाम्या डब्याला तळाशीं चारपांच भोंकें पाडावीं, खापराचे तुकडे घालून वर माती आणि कुजलेलें खत भरावें आणि मेथी पेरावी. मेथीला पाणी बेताचें हवें आणि ऊन मात्र भरपूर हवें. तीनचार आठवड्यांत एक जुडी हातीं येईल. तिनें घराचा खर्च फारसा भागणार नाहीं; पण जेवतांना पानांत जें पडतें तें कोणाच्या तरी हातांनीं, कांहीं आठवडे खपून तयार होतें, ही जाणीव राहील. आणि ती जाणीव ज्याला आहे, तो दुसऱ्याचें ताट रिकामें असतांना स्वस्थ बसणार नाहीं, अशी मला आशा आहे.