अक्षर आणि त्याचे शेजारी

नांदेड जिल्ह्यातील मुखेड या गावाचे नाव जुन्या छापील कागदावर पाहावे. त्या काळच्या खिळ्यांत ‘ख’ हे अक्षर ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी ठेवल्यासारखे दिसे. केवळ आकृतीच पाहिली तर हे नाव ‘मुरवेड’ असेही वाचता येईल. पण या भागातील माणूस ते तसे वाचणार नाही. ‘पत्र रवाना झाले’ आणि ‘पाहुण्यांचा खाना झाला’ या दोन वाक्यांत तीच आकृती येई, आणि वाचणारा न अडखळता एका ठिकाणी दोन अक्षरे वाची व दुसऱ्या ठिकाणी एकच. विसाव्या शतकातील लिपिसुधारणेत ‘र’ चा पाय ‘व’ ला जोडला गेला आणि ही संदिग्धता मिटली. तत्पूर्वी मराठी वाचक तिच्यातून कसा वाट काढीत होता, याचे उत्तर मानवी मेंदूच्या रचनेत आहे.

डोळा जग जसेच्या तसे टिपतो, ही समजूत फार जुनी. 1604 साली केप्लरने डोळ्यातील पडद्यावर प्रतिमा उलटी पडते असे मांडले, आणि पुढे येशूसंघीय धर्मगुरू ख्रिस्तोफ शायनर यांनी बैलाच्या डोळ्यात ती प्रत्यक्ष पाहिली. त्याच शतकात फ्रान्समधील एद्म मारिओत या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, डोळ्यातून दृष्टीची नस जेथे बाहेर पडते तेथे डोळा आंधळा असतो. असा डाग आपणा प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांत आहे. तरीही एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिले असता भिंतीला भोक पडलेले दिसत नाही. आजूबाजूला जो रंग व जी नक्षी असेल तिच्या आधारे मेंदू ती उणीव भरून काढतो.

अक्षरांच्या बाबतीतही असेच घडते. 1880 च्या दशकात लाइपझिग येथे जेम्स कॅटेल याने प्रयोग केले. सुटी अक्षरे क्षणमात्र दाखवली तर माणसाला त्यांतील तीन-चार सांगता येत. तेवढ्याच अवधीत शब्द दाखवले तर त्याहून कितीतरी अधिक अक्षरे ओळखता येत. 1955 साली ब्रूनर आणि मिंटर्न यांनी एकच मोडकी आकृती कधी रोमन अक्षरांमध्ये, तर कधी आकड्यांमध्ये ठेवून दाखवली. अक्षरांच्या संगतीत लोकांना ती ‘बी’ वाटली, आकड्यांच्या संगतीत 13. आपल्या जुन्या ‘ख’ चीच ही कथा! 1969 साली रायकरने आणखी पुढे जाऊन दाखवले की, एखादे अक्षर एकटे दाखवण्यापेक्षा शब्दात दाखवले असता अधिक अचूक ओळखले जाते. त्याने पर्याय असे दिले होते की दोन्ही अक्षरांनी अर्थपूर्ण शब्दच व्हावा. म्हणजे नुसता तर्क लढवून उत्तर सापडू नये. आज शास्त्रज्ञ सांगतात की, डोळ्याकडून मेंदूकडे संदेश जातात तसेच मेंदूच्या वरच्या पायऱ्यांकडून खालच्या पायऱ्यांकडेही येतात. शब्दाची चाहूल लागली की अक्षर स्पष्ट होते.

अक्षरांचा हा शेजारधर्म आपल्या पूर्वसूरींनाही भेटला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1608 साली रोमला पाठवलेल्या पत्रात या देशाच्या लिपीत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा कळवली होती. अडचण साच्यांची होती: युरोपात चोवीस पुरत, येथे सहाशे लागले असते. कारण आपल्या लिपीत शेजारी बदलला की अक्षराचे रूप बदलते. अखेर 1616 साली त्यांचे मराठी ख्रिस्तपुराण राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले.

मोडी लिपीत तर वाचकाची पूर्ण भिस्त शेजाऱ्यांवर. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्य तितका न उचलता लिहीत जायचे. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. जाणता वाचक आधी दोन-चार ओळी नजरेखालून घालतो, लिहिणाऱ्याचा हात ओळखतो आणि मगच एकेक शब्द सोडवतो.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. 2023 च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची गरज भासली. एका शब्दाच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून राहिला. अशा वेळी संदर्भाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. जो मेंदू आंधळा डाग भरून काढतो, तोच मेंदू मनात असलेले नाव फिकट शाईतही शोधून काढतो. म्हणून अपेक्षित शब्द दिसताच थांबू नये. त्याच हाताची इतर पाने, आधीची नोंद, नंतरची नोंद यांच्याशी तो ताडून पाहावा. स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवहीत आजोबांचे नाव शोधणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

संत मार्कच्या शुभवर्तमानातील बेथसैदा येथील आंधळा आपणांस ठाऊक आहे. प्रभूच्या पहिल्या स्पर्शाने त्याला दिसू लागले, पण माणसे चालत्या झाडांसारखी दिसली. दुसऱ्या स्पर्शानंतर ती माणसे म्हणून दिसली. डोळे उघडणे आणि ओळख पटणे यांत अंतर असते. ते अंतर आपण फार घाईने ओलांडतो. पवित्र शास्त्रातील एखादे वचन अध्यायातून तोडून घेतो आणि त्याने दुसऱ्याला गप्प करतो. एखाद्या माणसाचे एकच कृत्य त्याच्या घरादारापासून, गरिबीपासून वेगळे काढतो आणि त्यावरून त्याला नाव ठेवतो.

घराच्या माळ्यावर मोडीतील कागद असतील तर ते रद्दीत घालू नयेत, आणि घरातील एका तरी मुलामुलीने ती लिपी शिकावी, अशी आमची विनंती आहे. एक ओळ लावण्यासाठी सगळे पान वाचण्याची सवय त्यांना लागेल, आणि ती सवय कागदाबाहेरही उपयोगी पडेल.