प्रसूतिवेदना, हास्यवायु आणि आकाश



प्रसूतीच्या कळा शमवाव्यात कीं नाहीं, हा प्रश्न मातेला विचारण्यापूर्वीं इतरांनींच सोडवावा, ही रीत जुनी आहे. १८४७ सालीं एडिंबरो येथें जेम्स यंग सिम्पसन यांनीं प्रसूतींत प्रथम ईथर व मग क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हां स्त्रीनें वेदना भोगाव्यात ही ईश्वराचीच आज्ञा होय, असा आक्षेप निघाला. त्यास त्यांनीं त्याच वर्षीं पत्रक लिहून उत्तर दिलें. पुढें १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीनें प्रसूतिसमयीं जॉन स्नो यांजकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि या उपायाला प्रतिष्ठा लाभली.

आजचा आक्षेप धर्माचा नव्हे, हवेचा आहे. आणि तो नायट्रस ऑक्साइडवर, म्हणजे हास्यवायूवर आहे. सेंट पीटर्सबर्ग येथें क्लिकोविच यांनीं १८८१ सालीं तो प्राणवायूशीं मिसळून प्रसूतींत दिला. १९३३ सालीं लिव्हरपूलच्या मिनिट यांनीं वायु व हवा एकत्र देणारें यंत्र बनविलें, आणि १९३६ पासून इंग्लंडांतील शिकलेल्या सुइणींस तें डॉक्टरावांचून वापरण्याची मुभा मिळाली. १९६१ सालीं टन्स्टॉल यांनीं अर्धा वायु व अर्धा प्राणवायु एकाच नळकांड्यांत भरण्याची युक्ति काढली. मुखवटा मातेच्याच हातीं असतो. कळ येऊं लागली कीं तिनें श्वास घ्यावा, ओसरली कीं तो दूर करावा. वेदना जाणणारी तीच आणि औषध घेणारीहि तीच!

परंतु हा वायु शरीरांत खर्च होत नाहीं. उच्छ्वासाबरोबर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. आकाशांत तो शंभराहून अधिक वर्षें टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब केला तर तो वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २७३ पट उष्णता वाढवितो, आणि ओझोनच्या थराचीहि हानि करितो. म्हणून मातांस दुसरा उपाय सुचवावा काय, अशी चर्चा वैद्यकीय मंडळींत सुरू झाली.

येथें प्रमाण पाहिलें पाहिजे. मनुष्यामुळें आकाशांत जाणाऱ्या या वायूचा मोठा वाटा खत घातलेल्या शेतांतून येतो, प्रसूतिगृहांतून नव्हे. शिवाय दुसरा मार्गहि आहे. स्वीडनमध्यें स्टॉकहोम येथें २००४ पासून मातेचा उच्छ्वास मुखवट्यांतूनच ओढून घेऊन, तापलेल्या यंत्रांत त्यांतील वायूचें विघटन करूं लागले. मागें उरतात केवळ नायट्रोजन व प्राणवायु. ब्रिटनमध्यें न्यूकॅसल येथें हीच युक्ति २०२१ सालीं योजिली गेली.

आकाशाची काळजी खरी आहे, ती वाहिलीच पाहिजे. मात्र तिचा भार यंत्रें बसविणाऱ्यांनीं उचलावा. ज्या स्त्रीला त्या घटकेस एकेक श्वास जड झाला आहे, तिच्या शिरीं तो देणें न्यायाचें नव्हे.