युद्धकाळात रेल्वे माल नाकारू शकते का? रेवसच्या किनाऱ्यावरून समजून घ्या

होय, नाकारू शकते. दुसऱ्या महायुद्धात (१९३९-४५) भारतात तसे घडलेही.

निर्बंध कशासाठी?
वाघिणी मोजक्या होत्या आणि मागणी प्रचंड. मीटरगेजची अनेक इंजिने व वाघिणी मध्यपूर्वेतील आघाडीकडे पाठवल्या गेल्या. काही शाखामार्गांचे रूळही उखडले गेले. त्यातच किनारी वाहतुकीची मोठी जहाजे लष्करी कामाला लागली. पूर्वी कोलकात्याहून समुद्रमार्गे मुंबईला येणारा कोळसा रेल्वेवर आला आणि ताण आणखी वाढला.

पद्धत काय होती?
मालाला प्राधान्यक्रम ठरवला गेला. आधी लष्करी सामान, मग कोळसा, धान्य अशा निकडीच्या वस्तू. बाकीच्या मालाला वाघीण मिळेपर्यंत थांबावे लागे. पेट्रोलचे रेशनिंग असल्यामुळे ट्रकचा पर्यायही तोकडा होता.

रेवसचा संबंध काय?
रेवस धरमतर खाडीच्या मुखाशी आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात रेल्वे होती ती कर्जत, नेरळ, खोपोली या भागात. किनाऱ्यावर रूळ नव्हते. तांदूळ, मीठ, सुकी मासळी मुंबईला नेण्यासाठी मचवे आणि पडाव हाच किनाऱ्याचा आधार. त्यामुळे वाघीण मिळो न मिळो, खाडीची वाट उरत होती. मात्र रेल्वेने लांबून येणाऱ्या वस्तूंची टंचाई किनाऱ्यालाही चुकत नव्हती.

होडी गेली तर?
उत्तर बंगालमध्ये दिसले. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२ मध्ये तिथल्या किनारी भागातील हजारो होड्या सरकारने ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. मासेमारी आणि धान्याची ने-आण कोलमडली. १९४३ च्या भीषण दुष्काळाच्या कारणांत याचाही समावेश होतो. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले.

आज कायदा काय म्हणतो?
रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ७१ नुसार केंद्र सरकार सार्वजनिक हितासाठी ठरावीक मालाला प्राधान्य देण्याचा किंवा एखाद्या स्थानकावर माल न स्वीकारण्याचा आदेश काढू शकते. त्यासाठी युद्धच हवे असे नाही. आदेशाची मुदत कमाल एक वर्ष असते. गरज पडल्यास तो पुन्हा काढता येतो.

थोडक्यात: टंचाईच्या काळात धान्य पिकले किती, याइतकेच ते पोहोचले कसे, हेही महत्त्वाचे ठरते.