भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाताय? तंबूचा बेत आखण्याआधी हे वाचा

मे महिना उतरणीला लागला की भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दिवसा धरणाचा काठ, रात्री झाडांवर लुकलुकणारे काजवे आणि मुक्काम तंबूत, असा बहुतेकांचा बेत असतो.

ठिकाण : अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर हे धरण आहे. ब्रिटिश काळात बांधलेले हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. विल्सन डॅम हे त्याचे जुने नाव, तर जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. भोवतालचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

कसे जायचे : इंदूरकडून येणाऱ्यांना मुंबई-आग्रा महामार्ग सोयीचा. धुळे, नाशिक करत घोटीला यायचे आणि तिथून बारीमार्गे शेंडी गाठायची. बेळगावकरांनी पुण्याहून नाशिक महामार्ग धरून संगमनेर, अकोले, राजूर असे यावे. दोन्हीकडून अख्खा दिवस प्रवासात जातो, त्यामुळे किमान दोन मुक्काम धरूनच निघावे.

कधी जायचे : मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य हा काजव्यांचा काळ. पावसाने जोर धरला की खेळ संपतो. शनिवार-रविवार टाळलेले बरे. अमावास्येच्या आसपासच्या काळोख्या रात्री सर्वांत चांगल्या.

तंबू कुठे : अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. काठावरच्या गावांत स्थानिक लोक आपल्या जागेत तंबू आणि जेवणाची सोय करतात. पैसे भरण्याआधी जागा नेमकी कुठे आहे, शौचालय आहे का, पाऊस आला तर पक्क्या छपराखाली जाता येईल का, हे विचारून घ्यावे. या दिवसांत वळवाचा पाऊस विजांसह येतो. अशा वेळी तंबूत किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

पाण्याची भीती बाळगा : उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि काठ उघडा पडतो. वरून सुकलेला दिसणारा गाळ पाय ठेवताच खचतो. दोन पावलांवर खोल पाणी असू शकते. पोहता येणाऱ्यांनीही उतरू नये, मुलांवर तर सतत नजर हवी.

उजेड कमी, काजवे जास्त : हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे जमतात. त्यांचे लुकलुकणे म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली खूण असते. हेडलाइट, मोबाइलची टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांच्या झोतात ती खूण हरवते आणि जोडी जमत नाही. काही जातींच्या माद्यांना पंख नसतात, त्या गवतात खालीच असतात. पायवाट सोडून झाडाजवळ गेले की त्या चिरडल्या जातात. अंडी आणि अळ्याही जमिनीवरच असतात. म्हणजे यंदाच्या गर्दीने जे तुडवले, ते पुढच्या वर्षी दिसणार नाही.

म्हणून गाडी लांब लावून दिवे बंद करावेत. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळावा, स्पीकर घरीच ठेवावा, काजवे पकडून बाटलीत भरू नयेत. वन विभागाचे प्रवेश शुल्क आणि रात्रीच्या वेळेचे बंधन निघण्याआधी विचारून घ्यावे.

सोबत काय : टॉर्च, पूर्ण बाह्यांचे कपडे, रेनकोट, पायात बूट, नेहमीची औषधे, रोख पैसे आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. ती भरून परत न्यायची.

दुसऱ्या दिवशी हाताशी वेळ असेल तर रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर पाहावे. पाय मजबूत असतील तर बारीहून पहाटेच कळसूबाई चढायला घ्यावे. १,६४६ मीटर उंचीच्या या शिखरावर मेच्या उन्हात भरदुपारी जाण्यात शहाणपण नाही.