धुरात शिसे नव्हते : सोल्डरिंगच्या धोक्यांचा इतिहास

२ सप्टेंबर २०२५ रोजी ‘विक्रम ३२०१’ हा भारतीय बनावटीचा ३२-बिट मायक्रोप्रोसेसर पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द झाला. चर्चा साहजिकच चिपची झाली. परंतु कोणत्याही चिपचे पाय सर्किट बोर्डावर कथिलाच्या थेंबाने सांधले जात नाहीत, तोवर ती निरुपयोगीच असते. तो थेंब आणि त्याच्या धुरावर वाकलेला माणूस यांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो.

सोल्डरिंगला मराठीत जुना शब्द आहे : डाख देणे, किंवा झाळणे. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुष्कळ आधीपासून हे ज्ञान आपल्याकडे तांबट आणि कल्हईवाले यांच्या हातांत होते. तापलेल्या पातेल्यात कल्हईवाला नवसागर टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि मग कथील आरशासारखे पसरे. तो धूर ही केवळ गंमत नव्हती. तापलेला नवसागर धातूवरील ऑक्साइडचा थर दूर करतो. हा थर असेतो कथील धातूला धरतच नाही. आजच्या सोल्डरच्या तारेच्या पोटात भरलेली राळ नेमके हेच काम करते. चीड वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जी उरते, ती ही राळ.

पूर्वी तांब्याचा ठोकळा शेगडीत तापवून डाख दिला जाई. १९२१ साली बर्लिनमध्ये अर्न्स्ट साक्स यांनी विजेवर तापणाऱ्या सोल्डरिंग आयर्नचे कारखानदारी उत्पादन सुरू केले. अमेरिकेत कार्ल वेलर यांच्या सोल्डरिंग गनला १९४६ मध्ये पेटंट मिळाले. निखारे गेले, पण त्यांच्या जागी वीज आली आणि तिच्याबरोबर धक्क्याचे भय. तापमानावर ताबा नसलेले आयर्न तासभर तसेच ठेवले, तर गरजेपेक्षा कितीतरी अधिक तापते. त्यावर वेलर यांच्याच कंपनीने काढलेला उपाय भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आनंद देईल. टोकामागे विशिष्ट मिश्रधातूचा तुकडा बसवला. तो थंड असताना चुंबकाला खेचतो आणि स्विच जोडला जातो. क्यूरी तापमान गाठताच त्याचे चुंबकीय आकर्षण लोपते आणि स्प्रिंग स्विच तोडते. संगणक नाही, संवेदक नाही. पदार्थाचा गुणधर्मच पहारेकरी!

आपल्याकडे हाताने सांधण्याच्या कष्टाचे सर्वांत भव्य उदाहरण मुंबईचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली देशी बनावटीचा संगणक उभा राहिला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. रोधकांचीच टोके मोजली, तरी ती २५,००० भरतात. त्या काळी धूर हा कामाचाच भाग मानला जाई, जगात सर्वत्रच.

त्या धुराविषयीची समजूत मात्र दीर्घकाळ चुकीची राहिली. शिसे विषारी, सोल्डरमध्ये ३७ ते ४० टक्के शिसे, म्हणून धुरात शिसे, असा सरळ तर्क केला जाई. प्रत्यक्षात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेला मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. आयर्नचे टोक साधारण ३०० ते ४०० अंशांवर असते, तर शिशाचा उत्कलनबिंदू १,७४९ अंश आहे. या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. दिसणारा धूर असतो राळेचा. १९७६ मध्ये लंडनच्या जॅक पेपिस आणि सहकाऱ्यांनी या राळेच्या धुराने दमा उद्भवतो हे रुग्णांवरील चाचण्यांतून दाखवले. १९७९ मध्ये शेरवूड बर्ज आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा शरीर राळेविषयी संवेदनशील झाले, की पुढे अल्पसा धूरही श्वास कोंडू शकतो.

मग शिसे कुठून शिरते? बोटांवरून तोंडात. मी भिलाईच्या मोहन नगरात शाळकरी वयात पहिला रेडिओ जोडला, तेव्हा दोन्ही हात गुंतलेले असत म्हणून सोल्डरची तार दातांत धरत असे. धूर येऊ नये म्हणून मान मात्र कटाक्षाने वळवीत असे! समोर ताटलीत चिवडा असे. शिशापासून बचाव करतो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती आणि शिसे मी चघळत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, आणि मुलांच्या मेंदूला त्याचा धोका अधिक.

कायद्यांना हा तोंडाचा मार्ग आधी उमगला. अमेरिकेने १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळजोडातील आणि १९९५ मध्ये खाद्यपदार्थांच्या डब्यांवरील शिशाच्या सोल्डरला बंदी केली. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतून शिसे हद्दपार झाले. भारतात ई-कचऱ्याच्या नियमांनी १ मे २०१४ पासून अशा उपकरणांत शिशाची मर्यादा ०.१ टक्के ठरवली. अवकाशयाने मात्र युरोपच्या नियमांतून वगळलेली आहेत. शुद्ध कथिलावर केसासारखे धातूचे तंतू उगवतात आणि शॉर्ट सर्किट करतात. १९९८ मध्ये ‘गॅलक्सी ४’ हा उपग्रह निकामी झाला, त्याला असेच तंतू कारणीभूत मानले गेले. शिसे ते तंतू रोखते.

शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणून आयर्न अधिक तापवावे लागते आणि राळ अधिक धुमसते. शिसे गेले म्हणून खिडकी बंद करणाऱ्यांना हे सांगावे लागते.

सध्या विज्ञान प्रदर्शनासाठी शेजारची मुले माझ्याच टेबलावर काम करतात. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग तपासलेले सॉकेट, आयर्नला स्टँड, डोळ्यांवर चष्मा. छोटा पंखा तोंडावर वारा मारत नाही. तो टेबलाच्या पलीकडे, खिडकीकडे तोंड करून ठेवलेला असतो आणि धूर ओढून बाहेर टाकतो. चिवडा दुसऱ्या खोलीत, हात साबणाने धुतल्यानंतर. त्यावरून दर रविवारी कुरकुर होते.