शक्तिमान, माझा डावा हात आणि एक जुना बग

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव आमचं वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यात. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अंग मोडून घ्यायचं, सकाळी पोचलं की झोप काढायची आणि संध्याकाळी शाळेतल्या मित्रांबरोबर पारावर बसायचं, हा दरवर्षीचा ठरलेला कार्यक्रम. सोयाबीनच्या भावावरून सुरू झालेली चर्चा यंदा कशी कोण जाणे शक्तिमानवर आली. 2022 साली सोनी पिक्चर्सने शक्तिमानच्या सिनेमाची घोषणा केली. मग रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं आणि मार्च 2024 मध्ये मुकेश खन्नांनी त्याला जाहीर विरोध केला. आता यावर पारावरचं मत काय? एकजण म्हणाला, "कोणीबी करो, पण गंगाधर दात पुढं असलेलाच पायजे." दुसऱ्याला वेशभूषेची काळजी. तिसरा म्हणाला, "पण तो बंद कायले झाला होता रे?"

"पोट्टे उड्या मारत होते ना बे माडीवरून!"

यावर सगळ्यांनी एकदम माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि पार हसण्याने दणाणला.

तर मंडळी, आता हाताची गोष्ट सांगणं आलं.

2004 चा डिसेंबर. मी सात वर्षांचा, दुसरीत. रविवारी दुपारी बारा वाजता शक्तिमान आणि नेमकं तेव्हाच लोडशेडिंग. गावाने यावर तोडगा काढला होता. शेजारचे काका ट्रॅक्टरची बॅटरी काढून ओट्यावर आणायचे, तिला छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही जोडायचे, आणि समोर पंचवीस-तीस पोरं. शक्तिमानचा ड्रेस लाल असतो हे मला गोळा केलेल्या स्टिकरांमुळे माहीत होतं, टीव्हीमुळे नाही :) त्या रविवारी एपिसोड संपला आणि मी आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर चढलो. खाली सोयाबीनच्या कुटाराचा ढीग असायचा. एक हात वर, स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या आणि उडी. ढीग आदल्या दिवशीच बाबांनी हलवला होता, हे मला हवेत असताना कळलं. डावा हात कोपरापाशी मोडला. रिसोडला नेलं, प्लास्टर घातलं. आजीने दृष्ट काढली आणि बाबांनी महिनाभर टीव्ही बंद केला.

यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी एका रविवारी बॅटरी जोडली, टीव्ही लागला, पण शक्तिमान लागलाच नाही. पुढच्या रविवारीही नाही. मोठ्या पोरांनी मला गाठलं. "तुह्यापायी बंद पडला ना बे तो!" मला ते शंभर टक्के पटलं. उडी मी मारली होती, हात माझा मोडला होता, आणि मालिका बंद झाली होती. मालिकेच्या शेवटी चूक करणारी मुलं "सॉरी शक्तिमान" म्हणायची. तसं मी रात्री गोधडीत तोंड घालून कितीतरी दिवस म्हणत होतो. गावात तोंड दाखवायची लाज वाटायची. आज हसू येतं, पण सात वर्षांच्या मुलासाठी तो मोठा गुन्हा होता.

पारावरून घरी आलो आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. हापिसात एखादा बग आला की आम्ही आधी तारखा बघतो. आधी काय झालं, नंतर काय झालं. म्हटलं, इतकी वर्षं हेच कसं केलं नाही?

शक्तिमानचा पहिला भाग लागला 13 सप्टेंबर 1997 ला, शनिवारी. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. म्हणजे शक्तिमान आमच्या जिल्ह्यापेक्षा साडेनऊ महिन्यांनी मोठा! मुलं शक्तिमान वाचवेल म्हणून स्वतःला इजा करून घेतात, अशा बातम्या पेपरात आल्या त्या 1998-99 च्या सुमारास. त्यावर मोठी ओरड झाली. मग खुद्द मुकेश खन्ना पडद्यावर येऊन मुलांना सांगायला लागले की हे सगळं कॅमेऱ्याचं आहे, असं काही करू नका. आणि मालिका? ती चालू राहिली. शेवटचा भाग लागला 27 मार्च 2005 ला, रविवारी. ज्या कारणाने आरडाओरडा झाला त्यानंतर पाच-सहा वर्षं मालिका सुखाने चालली. मग ते कारण कसं असेल?

मुलांना इजा झाली म्हणून मालिका थांबते तेव्हा काय होतं, याचं खरं उदाहरण त्याच वर्षातलं आहे. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका लगेच थांबली आणि चार महिन्यांनी, एप्रिल 1998 मध्ये, परत सुरू झाली. इथे घटना आणि परिणाम यांत अंतर नाही. आमच्याकडे वर्षांचं अंतर आहे.

मग बंद का झाला? खन्नांनी नंतर मुलाखतींत जे सांगितलंय ते फारच कोरडं आहे. शक्तिमान ही प्रायोजित मालिका. म्हणजे निर्मात्याने दूरदर्शनला प्रसारणाचं शुल्क भरायचं आणि जाहिरातींतून ते वसूल करायचं. मालिका शनिवारची रविवारी आली, लोकप्रिय झाली आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे शुल्क टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. शेवटी ते परवडेना, म्हणून थांबवली. ना उडी, ना हात. बिल.

हे वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग थोडं वाईट वाटलं. कारण तारखा चाळताना आणखी एक गोष्ट दिसली. मुलांसाठी विज्ञान आणि कल्पना पडद्यावर आणायची आपल्याकडे बरी परंपरा होती. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेवर 1985 साली बालचित्रपट निघाला. 1989 मध्ये दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' होती, ज्यात मुलं स्वतः कॉम्प्युटर जोडतात आणि परग्रहावरचा पाहुणा येतो. 1998 मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, त्यात मिलिंद सोमण अंतराळातले गुन्हेगार पकडायचा. हे सगळं अँटेनावर, फुकट. मग 2000 साली 'शाका लाका बूम बूम' दूरदर्शनवर सुरू झाली आणि थोड्याच काळात स्टार प्लसवर गेली. 'सोनपरी' तिथेच, रोबो मुलीची 'करिश्मा का करिश्मा' तिथेच. वाशीम शहरातल्या माझ्या मावसभावाकडे केबल होती. त्याला शक्तिमान गेल्याचं फारसं काही वाटलंच नाही, त्याच्याकडे जादूची पेन्सिल आली होती. आमच्या ओट्यावर, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मात्र काहीच आलं नाही. पोरं दोन-तीन रविवार आली, मग यायची बंद झाली.

आणि तरी आम्ही सगळ्यांनी उडीचीच गोष्ट का धरून ठेवली? मला वाटतं, त्यात तात्पर्य आहे म्हणून. पोरं आगाऊपणा करतात, म्हणून चांगली गोष्ट हातची जाते, असं सांगायला घरोघरी सोयीचं. प्रसारण शुल्काच्या गोष्टीत तात्पर्य कुठून आणणार?

पण एक मान्य करायला हवं. उडीची गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. शक्तिमान म्हणजे सुपरमॅनचं देशी रूप, हे तर उघड आहे. चष्मा लावलेला बावळट गंगाधर पेपरात काम करतो, सोबत पत्रकार गीता विश्वास, आणि संकट आलं की रूप बदलतं. फरक एकच, पण मोठा. सुपरमॅन परग्रहावरून आला, त्याची ताकद जन्मजात. शक्तिमानला ती योगाने, साधनेने मिळाली. म्हणजे प्रयत्न केला तर रिसोड तालुक्यातल्या दुसरीच्या पोराला पण मिळू शकते! आणि विज्ञान कोणाच्या हातात? तर "पॉवर" म्हणून ओरडणाऱ्या डॉक्टर जॅकॉलच्या. प्रयोगशाळा खलनायकाची आणि गिरकी नायकाची. मग पोरगं पत्र्यावर चढणार नाही तर काय करेल? एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनला दूरदर्शनने शक्तिमान परत दाखवला तेव्हा मी गावाहून काम करत होतो. पुतण्यासोबत दोन-चार भाग पाहिले. त्याने दहा मिनिटांत विचारलं, "काका, हा उडतो तेव्हा मागचं खोटं कावून दिसते?" आम्हाला ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कधी दिसलं नव्हतं.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बाबांना हे सगळं सांगितलं. तारखा, पोकेमॉन, शुल्क, सगळं. म्हटलं, बाबा, माझ्यामुळे बंद झाला नव्हता. बाबांनी कप खाली ठेवला. थोडा वेळ गोठ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ते सोड. कुटार मी हलवलं होतं ना रे. इतकी वर्षं मले तेच वाटे."

एकवीस वर्षं झाली. या माणसाने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी शक्तिमानला सॉरी म्हणत होतो आणि ते मनातल्या मनात मला.

मी म्हटलं, "बाबा, पाऊस येणार होता, कुटार भिजलं असतं." डिसेंबरात पाऊस येणार होता की नाही, कोणाला आठवतंय? त्यांनी मान हलवली आणि दुसरा चहा मागितला. या एका तारखेची मात्र मी खातरजमा करणार नाही.